कवड्या, सट्टा आणि संभाव्यता

संभाव्यता, म्हणजे एखादी घटना घडण्याची शक्यता अंकांत मोजणारी गणिताची शाखा, दहावीच्या मुलांना खेळांतून शिकवावी असे सुचवले की पालक आणि काही शिक्षक पहिला आक्षेप घेतात तो असा, की फासे आणि कवड्या वर्गात आणणे म्हणजे कोवळ्या वयात जुगाराची गोडी लावणे होय, आणि ज्या द्यूताने धर्मराजाला वनवास घडवला त्याला शाळेत थारा नको. या आक्षेपामागची काळजी रास्त आहे. क्रिकेटवरचा सट्टा आणि मोबाइलवरचे पैशांचे खेळ घरे कशी पोखरतात हे नागपुरातही कुणाला सांगावे लागत नाही, आणि २०२५ साली अशा ऑनलाइन खेळांवर केंद्राला कायद्याने बंदी घालावी लागली.

परंतु आक्षेपकांनी दिलेला दाखलाच त्यांच्यावर उलटतो. वनवासात खचलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी महाभारताच्या वनपर्वात त्याच्यासारख्याच द्यूतात हरलेल्या नळराजाची कथा सांगतात, आणि ती कथा विदर्भाची आहे. नळाची पत्नी दमयंती हिच्या माहेरी, कुंडिनपुराकडे, नळालाच सारथी करून निघालेला अयोध्येचा राजा ऋतुपर्ण वाटेवरच्या बेहड्याची पाने-फळे किती हे नुसत्या नजरेने सांगतो, मोजणीअंती ते बरोबर ठरते, आणि त्याच्याकडून अक्षविद्या, म्हणजे फाशांचे ज्ञान, मिळताच नळाच्या देहात ठाण मांडून बसलेला कली बाहेर पडतो. कथेच्या शेवटी बृहदश्व ही विद्या युधिष्ठिरालाही देतात. द्यूतात सर्वस्व गमावलेल्या माणसाला महाभारताने दिलेला उतारा हा आहे. त्याला फाशांकडे पाठ फिरवायला सांगितलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक चिवट आहे : पाठ्यपुस्तकातले सूत्र असताना खेळ कशाला? बालभारतीच्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये पाचवे प्रकरण संभाव्यतेचे आहे, आणि त्यातले सूत्र अनुकूल निष्पत्तींच्या संख्येला एकूण निष्पत्तींच्या संख्येने भागण्याचे आहे. निष्पत्ती म्हणजे प्रयोगातून संभवणारा प्रत्येक निकाल. हे सूत्र लागू पडते ते सर्व निष्पत्ती समसंभाव्य असतील, म्हणजे प्रत्येकीला सारखीच संधी असेल, तेव्हाच. नाणे, फासा आणि पत्ते मुळातच या अटीत बसत असल्याने अट नावाची काही गोष्ट आहे हेच मुलाच्या ध्यानात येत नाही.

कवडी ती अट मोडते, कारण तिची एक बाजू फुगीर तर दुसरी चिरेची आणि चपटी असते. नागपूरच्या रणरणत्या दुपारी घराघरांत रंगणाऱ्या अष्टाचंग्यात चार कवड्या उताण्या पडल्या की चार घरे आणि चारही पालथ्या पडल्या की आठ घरे मिळतात, आणि सूत्रावर विसंबलेला विद्यार्थी दोन्हींची संभाव्यता १/१६ सांगून मोकळा होतो. मात्र हातातल्या कवड्या दहांपैकी सहा वेळा उताण्या पडणाऱ्या असतील, तर पहिली संभाव्यता ०.१३ च्या आसपास आणि दुसरी ०.०२६ च्या आसपास येते. म्हणजे जे दान सारखे वाटत होते त्यात पाचपटीचे अंतर निघते. कवडीचा हा कल कोणत्याही पुस्तकात सापडत नाही, तो दोनशे वेळा कवडी टाकून वहीत नोंदवूनच कळतो, आणि त्याच नोंदींत मुलाला हेही दिसते, की लागोपाठ चारदा पालथी पडलेली कवडी पाचव्या वेळी उताणी पडायला मुळीच बांधील नसते. ‘आता तरी लागणारच’ हा जुगाऱ्याचा भ्रम असा स्वतःच्या अक्षरातल्या नोंदींपुढे टिकत नाही. सूत्र पाठ केलेल्या मुलाच्या मनात तो शाबूत राहू शकतो.

हे शास्त्र जन्मलेही खेळातूनच : अर्धवट राहिलेल्या डावातली रक्कम खेळाडूंत कशी वाटावी, या प्रश्नावर १६५४ साली पास्कल आणि फर्मा यांनी केलेला पत्रव्यवहार हा त्याचा पाया मानला जातो. वर्गात अर्थातच पैसा, पैज किंवा बक्षीस असता कामा नये, आणि या बाबतीत आक्षेपकांचे म्हणणे शब्दशः पाळावे. मात्र दहा आकड्यांतून एक लागल्यास रुपयाचे नऊ रुपये मिळतील असे आमिष कुणी दाखवले, तर सरासरीने प्रत्येक रुपयामागे दहा पैसे बुडतात, हे गणित मुलाने त्याच वहीत मांडलेले असावे.