ओझें आणि अंतर

ओझें उचलतांना मजूर जायबंदी झाला म्हणजे 'वजन फार होतें' एवढें म्हणून आपण मोकळे होतों. परंतु वजन हा अर्धाच हिशेब होय. उरलेला अर्धा अंतराचा आहे. तरफेच्या लांब टोकावरील लहान वजनही टेकूजवळच्या मोठ्या वजनास भारी पडतें, हें शाळेंतील मुलासही ठाऊक असतें. ओझें उचलतांना मनुष्याची कंबर हाच तो टेकू.

अमेरिकेंतील 'नायॉश' या सरकारी संस्थेनें 1991 सालीं सुधारलेल्या सूत्रांत, सर्व परिस्थिति अनुकूल असतां, 23 किलोंची मर्यादा धरिली आहे; तीही हात घोट्यांपासून 25 सेंटिमीटरांच्या आंत असतील तर. हेंच अंतर दुप्पट झालें कीं मर्यादा साडेअकरा किलोंवर येते. प्रौढ पुरुषास 55 किलोंहून अधिक ओझें वाहावें लागूं नये, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें 1967 सालीं केली. ती शेवटची हद्द होय. गांठावयाचें ध्येय नव्हे. आपल्या दारीं येणारी गॅसची भरलेली टाकी सुमारें 30 किलोंची असते, आणि ती आणणारा जिना चढून येतो, हें ध्यानांत घ्यावें.

तर मग यंत्र आणावें, पण कोणतें? किंमतपत्रक उघडण्यापूर्वीं मालकानें वखारीची जमीन पाहावी. सपाट फरशीवर हातगाडी उत्तम. दोन पायऱ्या आडव्या आल्या कीं ती निरुपयोगी, तेथें आधीं उतरण बांधावी. माल सरळ वर न्यावयाचा असेल तर चेनपुली बरी. फोर्कलिफ्ट घेतली तरी तरफेचा नियम सुटत नाहीं: तिच्या पाटीवरील वजन ठराविक अंतरापुरतेंच खरें असतें. लांब पेटीचा भार काट्यांच्या टोकाकडे गेला कीं तेंच वजन गाडीची मागची चाकें उचलूं शकतें.

शेवटचा मुद्दा मजुरीचा. महाराष्ट्रांत 1969 सालीं माथाडी कायदा झाला. त्याच्या नांवांतच माथ्यावरील ओझें आहे. ज्याची मजुरी गोणीवर ठरते, त्याच्या हातीं गाडी दिली आणि गाडीनें वाहिलेल्या गोणीचा दर कापला, तर तो ती गाडी कोपऱ्यांत उभी करील व गोणी पुन्हा डोक्यावर घेईल. त्यास अडाणी म्हणण्यापूर्वीं आपण आपला हिशेब तपासावा हें बरें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं कारखाना, वखार वा दुकान आहे, त्यांस आमची एवढीच विनंति कीं, नवी गाडी आणण्याआधीं ती ओढणाऱ्यास विचारावें. चाक कोठें अडतें हें त्याच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?