आपट्याला येणारे आपटेकर

पनवेल-रोहा लोहमार्गावर, पाताळगंगेच्या काठी वसलेले आपटा हे गाव बहुतेकांना ठाऊक असते ते एका हिंदी चित्रपटामुळे. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या १९९५ सालच्या चित्रपटातील धावत्या गाडीचा अखेरचा प्रसंग येथल्या स्थानकावर चित्रित झाला. परंतु इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या काही कुटुंबांना या गावाची ओढ आहे ती वेगळ्याच कारणाने. त्यांचे आडनावच आपटेकर आहे. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, नागावकर, केहिमकर यांच्याप्रमाणे ही मंडळीही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातील मराठी ज्यू समाजाची. सुट्टी मिळाली की असे एखादे कुटुंब मुलानातवंडांना घेऊन आजोबांचे गाव पाहावयास येते. पनवेलचे १८४९ सालचे बेथ एल सिनेगॉग, मग पेण, अलिबाग, सागावजवळच्या खंडाळ्याचा 'एलियाहू हनाबीचा टापा', शेवटी नवगावचे स्मारक, असा साधारण त्यांचा प्रवास असतो. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनातही त्यांच्या रक्तात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे आढळले.

या प्रवाशांना आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकवले जाते : "भारतात ज्यूंचा छळ कधी झाला नाही." तेही ते कृतज्ञतेने मान्य करतात, आणि पुष्कळ अंशी ते खरेही आहे. घाण्यावर तेल गाळणारे व शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे लोक कोकणात 'शनिवार तेली' म्हणून ओळखले गेले. शनिवार का पाळता, असा जाब त्यांना कुणी विचारला नाही. त्यांच्या सणांनाही मराठी नावे मिळाली. नवीन वर्ष म्हणजे 'नव्याचा सण' आणि प्रायश्चित्ताचा महान दिवस, योम किप्पूर, म्हणजे 'दारफळणीचा सण'. त्या दिवशी घराची दारे लावून घ्यावयाची, शुभ्र वस्त्रे नेसावयाची आणि दिवसभर उपवास करावयाचा. शेजाऱ्यांनी त्या बंद दाराचा मान राखला.

हेच दार २ ऑक्टोबर २०२५ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात कसे बंद करावे लागले, हे वाचकांनी वर्तमानपत्रांत वाचले असेल. तोच योम किप्पूरचा दिवस होता. हल्लेखोर आत शिरू नये म्हणून भाविकांनी सिनेगॉगचे दार आतून अंगाने रेटून धरले. दोघे भाविक प्राणास मुकले. त्यांपैकी एकाला पोलिसांचीच गोळी लागली होती. त्यापूर्वी, २७ ऑक्टोबर २०१८ रोजी, अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे शब्बाथच्या उपासनेत अकरा जणांची हत्या झाली. आणि मुंबईला तर २६ नोव्हेंबर २००८ विसरता येणारच नाही. कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग व त्यांच्या पत्नी रिव्का यांच्यासह सहा ज्यूंना मारण्यात आले. त्यांचा दोन वर्षांचा मोशे वाचला तो सँड्रा सॅम्युअल या त्याला सांभाळणाऱ्या भारतीय स्त्रीच्या धैर्यामुळे. मारेकरी बाहेरून आले होते, हे खरे. तथापि त्यावरून आपली भूमी या विषापासून मुक्त आहे, असा निष्कर्ष काढण्याची घाई आम्ही करणार नाही.

ज्या पनवेल तालुक्यात आपटा आहे, त्याच तालुक्यातील खारघरमध्ये ऑगस्ट २००६ मध्ये 'हिटलर्स क्रॉस' या नावाचे उपाहारगृह उघडले. फलकावर हिटलर आणि नाझींचे चिन्ह. ज्यू समाजाने निषेध नोंदवल्यावर काही दिवसांतच नाव बदलले गेले. त्यामागे द्वेष नसून गिऱ्हाईक खेचण्याची क्लृप्ती होती, असे म्हणता येईल. परंतु आम्हाला तीच बाब अधिक चिंताजनक वाटते. साठ लक्ष ज्यूंची कत्तल ज्याच्या आज्ञेने झाली, त्याचे नाव खानावळीला द्यावयास योग्य वाटावे, त्याचे आत्मचरित्र पदपथावर शिस्त व राष्ट्रप्रेमाचा धडा म्हणून विकले जावे, आणि त्यात कुणाला वावगे वाटू नये! आणि त्या नावातील दुसरा शब्द 'क्रूस' होता, याचे आपल्यापैकी कितीजणांना दुःख झाले होते?

क्रुसाचा विषय निघालाच आहे, तर भारतात छळ झाला नाही या विधानाला असलेला मोठा अपवाद आपण ख्रिस्ती लोकांनीच सांगितला पाहिजे. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन सुरू झाले. त्याच्या पहिल्या रोषाचे धनी पोर्तुगालहून आलेले, सक्तीने बाप्तिस्मा दिले गेलेले ज्यूंचे वंशज होते. गार्सिया द ओर्ता या विद्वान वैद्याचा भारतीय औषधींवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. मुंबई बेटही एके काळी त्याच्याकडे खंडाने होते. तो १५६८ मध्ये मरण पावला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळण्यात आले, आणि १५८० साली खुद्द गार्सियाची हाडे थडग्यातून उकरून जाळली गेली. वसई, चौल, रेवदंडा येथे जो पोर्तुगीज झेंडा फडकत होता, त्याच झेंड्याखाली हे घडले, आणि त्याच काळात आपल्या पूर्वजांना श्रद्धेचे दान मिळाले. दोन्ही गोष्टी एकाच इतिहासाच्या आहेत.

ख्रिस्तसभेने या पापाकडे पाठ फिरवलेली नाही. गुड फ्रायडेच्या लॅटिन प्रार्थनेत ज्यूंसाठी योजलेले अपमानास्पद विशेषण पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ साली काढून टाकले. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी 'नोस्त्रा एताते' हे घोषणापत्र प्रसृत केले : ख्रिस्ताच्या मरणाचा दोष त्या काळच्या सर्व ज्यूंवर सरसकट लादता येणार नाही आणि आजच्या ज्यूंवर तर नाहीच. पोप दुसरे जॉन पॉल १३ एप्रिल १९८६ रोजी रोमच्या सिनेगॉगमध्ये गेले. या घोषणापत्राला २०२५ मध्ये साठ वर्षे झाली. आमचा अनुभव असा, की आपल्या गावागावांत मात्र ते पूर्णपणे पोहोचलेले नाही. दुःखसहनाचे नाट्य बसवताना 'यहुदी' म्हणजे दाढी लावलेला, दात विचकणारा खलपुरुष, हे चित्र आजही कुठे कुठे दिसते. येशू, मरिया, पेत्र हे सारे यहुदी होते, हे त्या नाट्यात कुणाला आठवत नाही.

आता गाझाचा प्रश्न. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्राएलमध्ये सुमारे बाराशे लोकांची हत्या केली, आणि त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारो बालकांसह लक्षावधी लोकांची जी दुर्दशा झाली, तिच्याविषयी पोप फ्रान्सिस अखेरपर्यंत बोलत राहिले. गाझाच्या कॅथलिक धर्मग्रामाला ते जवळजवळ रोज दूरध्वनी करीत. इस्राएल सरकारच्या धोरणावर टीका करणे म्हणजे ज्यूद्वेष नव्हे. परंतु त्या सरकारचा हिशेब पनवेलच्या सिनेगॉगपाशी आलेल्या आजीबाईंकडे मागणे हा ज्यूद्वेषच आहे. या बाईंच्या समाजाला इस्राएलमध्येही प्रतिष्ठा सहज मिळाली नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथील मुख्य रब्बींनी त्यांच्या विवाहांच्या बाबतीत शंका उपस्थित केली. त्यांना निदर्शने करावी लागली, तेव्हा कुठे १९६४ साली तेथील संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. इतके होऊनही त्यांनी मराठी टाकली नाही. 'मायबोली' हे त्यांचे मराठी नियतकालिक इस्राएलमधून निघत आले.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या जनगणनेत भारतात सव्वीस हजारांहून अधिक ज्यू होते. २०११ मध्ये ते पाच हजारांच्याही खाली आले. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. रायगडमधील काही सिनेगॉगांत प्रार्थनेला आवश्यक असलेले दहा पुरुष जमणेही आता कठीण असते. आपली धर्मग्रामे दरवर्षी कोर्लई-रेवदंड्याला सहली नेतात, किल्ला पाहतात, जुन्या चर्चचे अवशेष पाहतात. रेवदंड्यातच बेने इस्राएलांचे बेथ एल सिनेगॉग आहे. पुढील सहलीत, तेथील व्यवस्थापकांना आधी कळवून, अर्धा तास तेथे द्यावा, अशी आमची सर्व धर्मगुरूंना व युवासंघांना विनंती आहे.