तेराव्या भागाआधी लेखकाचा हिशेब

‘फ्रायडे द थर्टीन्थ’ या अमेरिकन रक्तपट-मालिकेचे १९८० ते २००९ या काळात १२ चित्रपट निघाले. १९८४ च्या चौथ्या भागाने ‘अखेरचे प्रकरण’ असे नाव मिरवले. पुढल्याच वर्षी पाचवा हजर झाला! खुनी मरतो आणि तिकीटखिडकीची हाक येताच पुन्हा उठतो. अशा मालिकेला आणखी भाग हवेत काय?

अभिरुचीच्या कसोटीवर उत्तर सोपे आहे. पहिल्या चित्रपटात सुडाने पेटलेली होती ती एक आई, मुलांच्या शिबिरातील स्वयंपाकीण. इतरांच्या हलगर्जीपणामुळे तिचा मुलगा बुडाला होता. पुढे त्या दुःखाचा मागमूस पुसट झाला, मुखवटा तेवढा उरला.

परंतु खरा प्रश्न मालकीचा आहे. मूळ पटकथाकार व्हिक्टर मिलर यांनी २०१६ मध्ये आपला स्वामित्वहक्क परत मागितला. अमेरिकन कायदा ३५ वर्षांनंतर लेखकाला ही मुभा देतो. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाला मात्र नाही. निर्मात्या कंपनीने युक्तिवाद केला की, मिलर लेखकांच्या युनियनचे सभासद, म्हणून ते आमचे नोकर! देणी चुकवायची असली की कामगाराला कंत्राटी म्हणणारे भांडवल, हक्क गिळायचा असला की त्यालाच नोकर म्हणते. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला आणि अमेरिकेपुरता मूळ पटकथेचा हक्क मिलर यांच्याकडे आला.

नवे भाग निघायचे तर खुशाल निघोत. पण लेखकाच्या संमतीने आणि त्याचा वाटा चुकता करूनच. संघटित होण्याची किंमत म्हणून श्रमिकाने आपली निर्मिती गमावावी, हे कोणत्याही रक्तपटाहून भयंकर ठरले असते.