पहिलीच नोकरी, सोडू की राहू?



गेल्या आयतारी मीस सुटल्यावर माझा एक जुना विद्यार्थी इगर्जेच्या पायरीवर थांबला होता. नोकरीला लागून जेमतेम तीन आठवडे. "सर, सोडू का?" एवढेच त्याने विचारले. सांगितले होते आठ तासांचे काम, होतात बारा. जादा तासांचे पैसे नाहीत, नेमणूकपत्रही अजून हातात नाही. वडील म्हणतात, "वर्षभर तरी कळ काढ, लोक काय म्हणतील?"

वडिलांची भीती खोटी नाही. डिचोलीत 2012 साली खाणी बंद पडल्या, तेव्हा दारात उभे राहिलेले ट्रक आम्ही पाहिले आहेत. पेडण्यात 2023 च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला, तरी पक्क्या नोकरीची वाट बघणारी मुले आहेतच. हातची भाकरी टाकवत नाही.

पण कठीण काम वेगळे आणि फसवे काम वेगळे. शिक्षक झाल्यावर पहिल्याच महिन्यात मीही राजीनामा लिहून खिशात ठेवला होता. वर्ग आवरत नव्हता. हेडमास्तरांनी समजावले, राहिलो, शिकलो. तिथे दिलेला शब्द पाळला जात होता. उलट, पुढे एका मुलाला मी "टिकून राहा" म्हटले. तो राहिला आणि प्रकृती घालवून घरी आला. तो सल्ला मला आजही टोचतो.

म्हणून या मुलाला सांगितले: बाबा, आधी वरिष्ठांशी बोल, नेमणूकपत्र लेखी माग. जादा कामाला दुप्पट दर हा कायदा आहे. पंधरा दिवसांत काही हलले नाही तर रीतसर राजीनामा दे आणि पोच घे. कशावर सही केली असशील तर नोटिशीची अट वाच. रागाने घरी बसू नको. नव्या वेतन संहितेप्रमाणे राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत पगार चुकता व्हायला हवा; नाही झाला तर कामगार आयुक्तांचे कार्यालय आहे. पीएफ कापत असतील तर 12 आकडी यूएएन जपून ठेव, पुढच्या नोकरीतही तोच चालतो.

पोप तेरावे लिओ यांनी 1891 सालीच न्याय्य वेतनाची बाजू घेतली होती. मग अशी नोकरी सोडणाऱ्या मुलाला फेस्ताच्या गर्दीत आपण आळशी का म्हणावे? "लोक काय म्हणतील" यातले लोक म्हणजे तुम्ही-आम्हीच ना?

— एक निवृत्त शिक्षक, पेडणे