फॉरमॅट मारण्याआधी

लग्नसराई तोंडावर आली की आमच्या टपालाचा नूर पालटतो. एरवी कुणी ढोलकीच्या शाईच्या बाजूला कुठला माइक ठेवावा हे विचारतं, कुणी खोलीत गाद्या कुठल्या भिंतीला लावाव्यात हे. तुळशीचं लग्न लागलं की हळदीच्या गाण्यांची घाई सुरू होते आणि सगळ्या भिवंडी-कल्याण पट्ट्यातून एकच हाकाटी येते: आवाज फाटतोय, सॉफ्टवेअर उघडेना, गाणं परवा द्यायचंय. यंदा या रडगाण्याला एक नवं कडवं जोडलं गेलं आहे. ‘प्रोजेक्टच गेला.’ सॉफ्टवेअरने तो घालवलेला नाही. फॉरमॅटने घालवला आहे.

निमित्त झालं विंडोज १० चं. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा नेहमीचा आधार थांबवला. त्या दिवशी कुणाचाही लॅपटॉप बंद पडला नाही, पडणारही नव्हता. सुरक्षेचे अपडेट हवे असतील त्यांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत नाव नोंदवून ते घेण्याची सोय आहे. पण दुरुस्तीवाल्यांनी ‘आता हे चालणार नाही’ एवढंच सांगितलं आणि आपल्या मंडळींनी ऐन हंगामात मशीन त्यांच्या हवाली केलं. दहावरून अकरावर जाताना फाइली जागच्या जागी ठेवून अपग्रेड करता येतं. दुकानदाराला ते परवडत नाही, कारण त्यात वेळ जातो. त्याला सी ड्राइव्ह पुसून नवी विंडोज टाकणं सोपं. आणि आपल्यापैकी निम्म्यांचे प्रोजेक्ट कुठे असतात? सॉफ्टवेअरने स्वतःहून दाखवलेल्या सी ड्राइव्हमधल्या डॉक्युमेंट्समध्ये, ‘अनटायटल्ड’ नावाने.

कामतघरच्या एका वाचकाचं पत्र नमुना म्हणून घ्या. त्याने घरातल्या म्हाताऱ्या धवलारणीकडून लग्नातले धवले रेकॉर्ड करून घेतले होते. साथीला वाद्य नाही, क्लिक नाही, नुसता गळा. काम चांगलं केलं होतं, २४ बिटमध्ये. मग त्याला प्लेबॅकमध्ये कडकड ऐकू येऊ लागली. दुकानात नेलं. ‘फॉरमॅट मारावं लागेल. डेटा घेतलाय ना?’ याने घेतला होता. पेन ड्राइव्हवर प्रोजेक्ट फाइल होती, २ एमबीची. २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, मोनो ध्वनीला मिनिटाला जवळपास ८ एमबी लागतात. २ एमबीमध्ये जेमतेम पंधरा सेकंदांचा गळा मावतो, मग तासाभराचे धवले कसे मावतील? प्रोजेक्ट फाइल म्हणजे नुसता पत्ता. ध्वनी वेगळ्या फोल्डरमध्ये ‘ऑडिओ ०१’, ‘ऑडिओ ०२’ अशा नावांनी पडलेला असतो, आणि तो फोल्डर पुसला गेला होता. आता उघडलं की ‘फाइल मिसिंग’ येतं. हे सॉफ्टवेअरचं चुकलेलं नाही, ते खरंच सांगतंय.

आणि कडकड? ती नव्या विंडोजवरही तशीच होती. साउंड कार्डाचा बफर ६४ सॅम्पलवर ठेवलेला होता.

म्हणजे दुखणं काय आणि केलं काय! बफर हा विषय या मासिकात इतक्यांदा येऊन गेलाय की पुन्हा लिहायचा आम्हाला कंटाळा येतो, पण पत्रं थांबत नाहीत. गाणारा हेडफोनमध्ये स्वतःला ऐकतोय तेव्हा १२८ किंवा २५६. ४४.१ वर २५६ म्हणजे सुमारे ६ मिलिसेकंद. येण्याजाण्याचं आणि ड्रायव्हरचं धरून त्याच्या दुपटीहून जास्त, तरी बहुतेक गायकांना खटकत नाही. रेकॉर्डिंग संपलं, रिव्हर्ब आणि कॉम्प्रेसर चढले, की १०२४. तेव्हा २३ मिलिसेकंद उशीर झाला तरी ऐकणारे तुम्हीच. एवढं बदलायला साउंड कार्डाचं सेटिंग उघडावं लागतं, दुकान नाही. तरीही फाटलं तर लॅपटॉपचा पॉवर प्लॅन बघा, वाय-फाय बंद करून बघा, लेटन्सीमॉन नावाची फुकट मिळणारी सोय दहा मिनिटं चालवा; कुठला ड्रायव्हर प्रोसेसर अडवून बसलाय ते ती नावासकट सांगते.

भिवंडीत याला आणखी एक फाटा आहे, आणि तो पुण्या-मुंबईच्या यूट्यूब मास्तरांच्या व्हिडिओत कधी येत नाही. आपले कितीतरी स्टुडिओ जुन्या चाळीत किंवा लूमच्या खोलीला लागून आहेत. बोर्डात अर्थिंगची तार नाही, असली तर ती कुठे पोचत नाही. लॅपटॉपच्या चार्जरची तिसरी पिन कुणीतरी काढून टाकलेली किंवा दोन पिनांच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये कोंबलेली. चार्जरमधली गळती जमिनीत जायला वाट नसली की ती यूएसबीतून साउंड कार्डात शिरते. मग हेडफोनमध्ये गूं ऐकू येते, लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला तर मुंग्या येतात. शहाणा माणूस चार्जर काढतो, गूं थांबते, तो खूश होतो. दहा मिनिटांत कडकड सुरू होते, कारण बॅटरीवर आल्याबरोबर लॅपटॉपने प्रोसेसरचा वेग उतरवला. चार्जर लावला तर गूं, काढला तर कडकड. या दुहेरी त्रासात सापडलेले वाचक आम्हाला ‘ड्रायव्हर पाठवा’ म्हणून लिहितात. ड्रायव्हर पाठवून अर्थिंग होत नाही हो!

अर्थिंगसाठी दाद मागावी तर तिथेही टोलवाटोलवी. वीज कार्यालय म्हणतं, मीटरपर्यंत आमचं, पुढचं तुमचं. घरमालक म्हणतो, दिवे लागतात ना? आणि वायरमन तार न्यूट्रलला जोडून ‘झालं काम’ म्हणतो. हा शेवटचा उपाय जिवावरचा आहे. न्यूट्रल कुठे तुटली तर साउंड कार्डाचा पत्राच काय, गायकाच्या ओठाला लागलेला माइकही जिवंत होईल. परवानाधारक वायरमनकडून जमिनीत खड्डा घेऊन स्वतंत्र अर्थिंग करून घ्या आणि ते मोजून घ्या. नवा कंडेन्सर माइक पुढच्या वर्षी घेतला तरी चालेल.

लूमच्या आवाजाबद्दल एवढंच, की तो ‘नॉइज रिमूव्हल’ने जात नाही. ते प्लग-इन पंख्यासारख्या सलग आवाजासाठी असतं. खटाखटीवर चालवलं की गायक पाण्याखाली गेल्यासारखा ऐकू येतो. ८० हर्ट्झचा लो-कट लावा, माइकचा स्टँड फरशीपासून वेगळा करा, आणि लूम बंद असतील तेव्हाच गळा घ्या.

आता ४४.१ आणि ४८ चा घोळ. शूटिंगवाला ४८ किलोहर्ट्झवर काम करतो, आपला प्रोजेक्ट ४४.१ चा. बहुतेक सॉफ्टवेअर फाइल आत घेताना विचारतात, बदलून घेऊ का? आपण घाईत ‘नाही’ दाबतो. मग ४४.१ ची फाइल ४८ च्या चालीने पळते. पाच मिनिटांचं गाणं सुमारे २४ सेकंद आधी संपतं आणि काळी एकमधलं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या बरोबर मध्ये जाऊन बसतं. हार्मोनियमवर ती पट्टीच नाही. गेल्या महिन्यात एकाने कीबोर्डवाल्याशी याच कारणावरून भांडण केलं, की तू बेसूर वाजवलंस. वाजवणारा निर्दोष होता. असं काही ऐकू आलं की आधी गाण्याची लांबी मोजा.

आणि ‘माइक लागलाय पण नुसती सरळ रेघ रेकॉर्ड होते’ म्हणणाऱ्यांनी विंडोजच्या प्रायव्हसीत जाऊन मायक्रोफोनची परवानगी बघावी. फॉरमॅटनंतर साउंड कार्डाचा मूळ ड्रायव्हर टाकायचा राहून जातो, मग विंडोजच्या ड्रायव्हरवर गाडी चालते आणि तिथे ही परवानगी आडवी येते. मूळ ड्रायव्हरमधलं अ‍ॅसिओ १९९७ साली स्टाइनबर्गने आणलं ते विंडोजचे मधले थर टाळण्यासाठीच. ज्या जुन्या कार्डाचा अकरासाठी ड्रायव्हरच निघालेला नाही, त्याच्या मालकाने अपग्रेडपूर्वी कंपनीच्या पानावर पाहायला हवं होतं. आता विंडोज आपल्या ड्रायव्हरवर ते कार्ड ओळखत असेल, तर अ‍ॅसिओफोरऑलवर तात्पुरतं भागवा.

कंपन्यांना आम्ही मोकळं सोडत नाही. एका परदेशी कंपनीच्या मदत विभागाचा आमच्याच कार्यालयाला आलेला अनुभव सांगतो. विकत घेतलेलं सॉफ्टवेअर, पावती जवळ, तक्रार स्पष्ट लिहिलेली. उत्तर आलं: पुन्हा इन्स्टॉल करा. केलं. कळवलं. उत्तर आलं: साउंड कार्डाच्या कंपनीला विचारा. त्या कंपनीने मायक्रोसॉफ्टकडे बोट दाखवलं. आम्ही हे सगळं जोडून परत पहिल्या कंपनीला लिहिलं, तर तुमची तक्रार निकाली निघाली आहे, आमची सेवा कशी वाटली ते पाच ताऱ्यांत कळवा, असा निरोप. भिवंडीतल्या माणसाने इंग्रजीत लिहिलं तर ही गत, मराठीत लिहिणाऱ्याने कुणाच्या दारात उभं राहायचं? पडद्यावरचा संदेश तर आणखी भारी: ‘अज्ञात चूक.’ ज्यांनी सॉफ्टवेअर लिहिलं त्यांनाच चूक अज्ञात, आणि ग्राहकाने ती शोधून द्यावी!

पण हे बोलण्याचा अधिकार पावती असलेल्यालाच. क्रॅक वापरणाऱ्याला नाही, आणि आलेल्या पत्रांपैकी क्रॅकवाल्यांची पत्रं कळतात. अँटिव्हायरस बंद करा असं ज्याच्या सूचनेत पहिल्या ओळीत लिहिलंय ते सॉफ्टवेअर तुम्ही धंद्याच्या मशीनवर चढवता, आणि मग प्रोजेक्ट सेव्ह करताना बंद पडतं म्हणून आम्हाला विचारता? रीपरचा सवलतीचा परवाना ६० डॉलरचा आहे आणि तो घेण्यापूर्वी ६० दिवस पूर्ण सॉफ्टवेअर वापरायला मिळतं. नुसता गळा घ्यायचा तर ऑडॅसिटी फुकट आहे. दोन हळदींच्या सुपाऱ्यांत जे निघतं त्यासाठी सगळा संग्रह पणाला लावू नका. ज्यांनी रीतसर घेतलंय त्यांच्यासाठीही सूचना: स्टाइनबर्गने मे २०२५ मध्ये जुनी ईलायसेन्सर सेवा बंद केली. हार्ड डिस्कवर बसलेला त्या पद्धतीचा परवाना फॉरमॅटमध्ये गेला, तर तो पुन्हा चालू करून घेण्याची जुनी वाट उरलेली नाही. तसंच, स्टाइनबर्गच्याच क्युबेस ९ पासून ३२ बिटचे प्लग-इन चालत नाहीत, त्यामुळे ढोलकी-संबळाचा तुमचा आवडता जुना बँक नव्या मशीनवर दिसणार नाही. तो ज्या गाण्यांत आहे, ते ट्रॅक आधी वेव्ह करून ठेवा.

म्हणून मंडळी, या हंगामापुरतं तरी ऐका. चालू काम असताना विंडोज बदलू नका. प्रोजेक्टला पहिल्याच मिनिटाला नाव द्या, सी ड्राइव्हबाहेर ठेवा. रोज रात्री पूर्ण फोल्डर, नुसती प्रोजेक्ट फाइल नव्हे, दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि ती डिस्क दुसऱ्या मशीनवर एकदा उघडून बघा. दुकानदार ‘फॉरमॅट’ म्हणाला की मशीन उचलून घरी या. ज्यांच्या डिस्कवर म्हाताऱ्या माणसांचे आवाज आहेत त्यांनी तर आजच हे करावं; फॉरमॅट होऊन गेलाच असेल, तर त्या डिस्कवर नवं काहीही न लिहिता ती डेटा परत काढणाऱ्याकडे न्या. जितकं नवं लिहाल तितकी आशा कमी.

आणि आमच्या मदत स्तंभाचा नवा नियम. पडद्याचा आडवातिडवा फोटो आणि ‘सर अर्जंट’ एवढंच असलेल्या पत्राला पुढच्या अंकापासून उत्तर मिळणार नाही. सॉफ्टवेअरचं नाव व आवृत्ती, विंडोज कोणती, साउंड कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर, सॅम्पल रेट, बफर, चार्जर काढल्यावर काय होतं, आणि पडद्यावर आलेला संदेश अक्षरशः जसा आहे तसा. एवढं एका पानावर मराठीत लिहून पाठवा. लिहिता लिहिता निम्म्यांना आपलं उत्तर सापडेल. उरलेल्यांसाठी आम्ही आहोत.