मामूंच्या हातातली थरथर

माझे मामू चार वर्षांपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. डाव्या मनगटापाशी त्यांचा फिस्टुला आहे, म्हणजे ऑपरेशन करून धमनी शिरेला जोडलेली. धमनीच्या जोराने शीर फुगते, जाड होते आणि तिला डायलिसिसच्या मोठ्या सुया टोचता येतात. १९६६ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ही पद्धत जगापुढे मांडली.

फिस्टुल्यावर बोटे ठेवली की मांजराच्या घुरघुरीसारखी थरथर लागते. मुमानी रोज फज्रनंतर ती पाहायच्या. रजब महिन्यात एका सकाळी त्या मला म्हणाल्या, "बेटी, आज थरथर नाही, नुसते ठोके लागतात." मामूंनी हात ओढून घेतला. सुई काढल्यावर रक्त लवकर थांबत नाही, मशीन सारखे वाजते, हे त्यांना आठवडाभर माहीत होते. पण धाकटीच्या निकाहसाठी ठेवलेले पैसे खर्च होतील म्हणून ते गप्प राहिले.

शीर आतून अरुंद झाली होती. डॉक्टरांनी जागा बधिर करून सुईच्या छिद्रातून बारीक तार घातली, तिच्यावरून मिटलेला फुगा अरुंद जागी नेला आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघत तो फुगवला. वाट मोकळी झाल्यावर फुगा काढून घेतला. फुगवताना हात दुखला, पण मामू संध्याकाळी घरी आले. डॉक्टरांनी आधीच सांगितले होते, शीर पुन्हा अरुंद होऊ शकते, पुन्हा फुगा लागू शकतो. मात्र उशीर झाला असता तर गुठळी होऊन फिस्टुला बंद पडला असता. मग मानेत नळी बसवावी लागते आणि तिच्यातून जंतुसंसर्गाचा धोका जास्त.

तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर एवढे करा. थरथर रोज पाहा. त्या हाताला बीपीचा पट्टा, सलाईन, घट्ट घड्याळ किंवा बांगडी नको. त्या हातावर झोपणे, जड पिशवी उचलणे टाळा. थरथर कमी झाली, हात सुजला, रक्त थांबायला वेळ लागू लागला, तर त्याच दिवशी डायलिसिस विभागात सांगा. थरथर पूर्ण थांबली तर लगेच निघा. खर्चाची चिंता असेल तर सरकारी योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. दुखणे लपवू नका.

धाकटीचा निकाह शव्वालमध्ये साधेपणाने झाला. पाहुण्यांच्या गर्दीतही मुमानींनी मामूंचा हात एकदा धरून पाहिला आणि मगच त्या जेवायला बसल्या.