सहलीचा दिवस तिथी पाहून ठरवा

मैत्रिणींनो, फाल्गुन लागला की थंडी सरलेली असते आणि उन्हाचा कडाका अजून यायचा असतो. मुलांच्या वार्षिक परीक्षा डोक्यावर बसण्याआधी एक दिवस कुठेतरी जाऊन यावं, असा विषय घरोघरी निघतोच. मुंबई-पुण्याकडच्या मंडळींना एका दिवसात समुद्रही हवा आणि झाडं-वाड्याही, तर अलिबाग सोयीचं. वाटेत फुललेला पळस, पांगारा, काटेसावर दिसेल ते वेगळंच. मात्र रविवार ठरवण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहा.

सहलीला कसला आलाय मुहूर्त, असं म्हणाल. मुहूर्त नव्हे हो, भरती-ओहोटी! अलिबागला मुलांना दाखवायचा तो कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये तो बांधायला घेतला, संभाजी महाराजांच्या काळात पुरा झाला आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ते मोठं ठाणं बनलं. आत राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे आणि चहूकडे खारं पाणी असूनही आत गोड्या पाण्याची विहीर आहे. ओहोटीला या किल्ल्यात चालत किंवा घोडागाडीने जाता येतं. भरतीला तीच वाट पाण्याखाली जाते. वाळूत खेळणाऱ्या मुलांना आणि फोटो काढणाऱ्या मोठ्यांना पाणी कधी चढू लागलं ते कळतसुद्धा नाही.

यासाठी किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. आपल्या सासूबाईंना किंवा आजींना पाऊणकी पाठ असेल, त्यांनाच विचारा! द्वादशी असेल तर बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे पूर्ण भरती सकाळी नऊच्या सुमारास. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे दुपारी सव्वातीनला. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, म्हणून तिथे पोचल्यावर एखाद्या कोळीदादांना किंवा घोडागाडीवाल्याला विचारून खात्री करून घ्यावी.

आता दिवस निवडू या. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला येते, ऊन डोक्यावर असतं आणि त्या सुमारास पाणी फारसं मागे हटतही नाही. पौर्णिमा-अमावास्येला पाणी खूप मागे जातं, पण पहाटे आणि संध्याकाळी. त्यापेक्षा पंचमी बरी, ओहोटी सकाळी साडेनऊ-दहाला. गेटवेहून सकाळच्या लाँचने मांडव्याला उतरून येणाऱ्यांना ती साधते. पुण्याहून गाडीने येणाऱ्यांना द्वादशी सोयीची. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी किल्ल्याकडे निघावं आणि ओहोटी झाल्यावर तासाभरात किनाऱ्यावर परत यावं. “अजून पाच मिनिटं” म्हणणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतंच, बहुधा घरातले कर्तेच! तिथे मात्र आपण ऐकायचं नाही. परतीची वेळ निघण्याआधीच सगळ्यांना सांगून ठेवावी, म्हणजे ऐन वेळी वाद नकोत.

आपल्या रविवारी नेमकी सोयीची तिथी नसेल तर? तर किल्ला किनाऱ्यावरूनच पाहावा आणि आठ-नऊ किलोमीटरवरच्या नागावला जावं. नारळी-पोफळीच्या वाड्यांतली सावली आणि लांबच लांब पुळण. मुलं हिरमुसतील, पण पाण्याशी हट्ट चालत नाही, हेही त्यांना एकदा कळू द्या.

आता डब्याचं. सहल आपलीही असते, तेव्हा पहाटे तीनला उठून चार पदार्थ रांधू नयेत. आदल्या रात्री दुधात भिजवलेल्या दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या करून ठेवाव्यात. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि कैरीचं लोणचं. ओल्या नारळाची चटणी नको, उन्हाने आंबते. सरबतासाठी लिंबं आणि साखर-मीठ वेगळं न्यावं. पाणी माणशी दोन लिटर तरी हवं. प्रत्येकाला टोपी आणि मुलांना कपड्यांचा एक जास्तीचा जोड. एक रिकामी पिशवी कचऱ्यासाठी ठेवावी, आपल्या पुड्या-बाटल्या आपल्याबरोबर परत आल्या पाहिजेत.

परतताना रस्त्याच्या कडेला अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा दिसतील. या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. चवीला गोडसर, कच्चा खायला फार छान. माळ घेताना कांदा मानेशी कोरडा आणि हाताला टणक लागतो ना, ते पाहावं. घरी आल्यावर ती पिशवीत कोंबून न ठेवता हवेशीर जागी टांगावी. कोशिंबिरीला बरेच दिवस पुरते.

तेव्हा आजच कॅलेंडर काढा. पंचमी किंवा द्वादशीला एखादा रविवार गाठतोय का ते पाहा आणि त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल करून ठेवा!